विसार

दुयेत, तुझी लाल दोरी अजून झाडाला आहे.
तू बांधलीस तेव्हा सैल होती,
दोन वर्षांत सालीत रुतायला लागली.
मी गाठ सोडली, बोटभर ढील दिली,
पुन्हा तशीच बांधली.
विकलेलं झाड आहे. खूण आपण कशी पुसायची?

तू म्हणाला होतास, हे न्गाऊ म्हणजे
महोगनीच्या कुळातलं, बरं का.
मी काही बोलले नाही.
माझा नवरा ख्वात त्याच कुळाचं लाकूड कापत म्हातारा झाला.
हनोईच्या रस्त्याकडेची सा-कू, तिघांच्या कवेत न मावणारी,
वादळात आडवी झाली की ह्याला निरोप यायचा.
रात्रीच्या गाडीने जायचा, करवत गोणपाटात गुंडाळून.
खोडावर बोटाने टकटक करायचा
आणि सांगायचा, किती दारं निघतील, किती पलंग.
ह्यावरही एकदा त्याने टकटक केलं.
"फार तर एक फणी," म्हणाला,
"तीही लहान मुलीची."
आणि जाऊ दे म्हणून कुंपणाशी राहू दिलं.

फूल म्हणावं तर ते फूलसुद्धा धड नाही.
राळ्याचा दाणा, पिवळा.
उमलता उमलता अर्ध्यावरच थांबतो,
उत्तर येत असूनही गप्प बसणाऱ्या
माझ्या थोरल्यासारखा.
संध्याकाळी खाली चादर घालायची, फांदी हलवायची.
चहाचा एक थर, फुलांचा एक थर,
बरणीच्या तोंडाला केळीचं वाळकं पान.
पहाटे चाळून फुलं वेगळी काढायची.
तोवर वास चहाकडे गेलेला असतो,
आणि ती फुलं मग कोंबड्यासुद्धा टिपत नाहीत.

तू आलास तेव्हा झाड ऐन भरात होतं.
तू बुंध्याचा घेर मोजलास,
वाकून मुळांची दिशा पाहिलीस,
हॉटेलच्या अंगणात निळ्या कुंडीत ते कसं दिसेल
ते दोन्ही हातांनी हवेत काढून दाखवलंस,
आणि विचारलंस, "अजून फुलतं का हे?"

तुझ्या खांद्यावर फुलं पडली होती, दुयेत.

मग तूच सांगितलंस.
त्या तापात नाक गेलं, ते परत आलंच नाही.
भात करपला तर बायको सांगते,
मासळी उतरली तर बायको सांगते,
बाळाचं डोकं हुंगलं
तर नुसते केस नाकाला टोचतात.
हे सांगताना तू माझ्याकडे नाही,
माझ्या विहिरीकडे बघत होतास.

मी चहा दिला.
तू पेला दोन्ही हातांत धरलास.
"कसा झालाय?"
बराच वेळ विचार केलास.
"गरम," म्हणालास.

खोटं बोलला असतास तर किंमत वाढवली असती मी.

एरवी कुणाला दिलं नसतं ते झाड.
ख्वातच्या मागे एवढंच तर उरलं होतं
ज्याच्यावर त्याची करवत फिरली नाही.
पण तुझ्या तोंडून "गरम" ऐकलं
आणि माझ्या तोंडून "ने" निघून गेलं.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

तू विसार मोजलास, दोरी बांधलीस,
"तेत झाला की मजूर घेऊन येतो," म्हणालास.
तीन तेत झाले.
कुणी म्हणतं तू धंदा सोडलास,
कुणी म्हणतं खाडीवर होडी घेतलीस.
मी खड्ड्याची जागा मोकळी ठेवली आहे, झाडाभोवती हातभर.
तिथे मिरच्यासुद्धा लावल्या नाहीत.

तुझ्या नोटा चहाच्या बरणीत ठेवल्या आहेत.
वाळवी लागत नाही तिथे.
परत न्यायला आलास तर मोजून घे.
तुला काही कळणार नाही.
पण घरी गेल्यावर, सदरा काढताना,
बायको थांबेल
आणि विचारेल, कुठे होतास.